‘ती’ गोळी नक्की कुठली?

‘डॉक्टर, ती गोळी घेतली तर चालते ना?’

हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाचदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारी कधी हिंजवडीत कोडिंग करणारी असते, कधी बँकेत ऑफिसर, कधी लग्नाला दोन महिने राहिलेली नवरी मुलगी. माझा उलट प्रश्नही ठरलेला... ‘ती म्हणजे कुठली गं?’ मग दोन मिनिटं शांतता!

कारण ‘ती’ गोळी एक नाही, चार आहेत. पहिली, रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी. दुसरी, संबंधानंतर धावतपळत जाऊन आणायची इमर्जन्सी गोळी. तिसरी, गौरी-गणपतीत किंवा घरच्या लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायची गोळी. आणि चौथी, गर्भपाताची. चारही मेडिकलच्या काउंटरवर दबक्या आवाजात मागितल्या जातात, कागदात गुंडाळून पटकन पर्समध्ये जातात आणि चारहींना आपण ‘ती’च म्हणतो. मग घोटाळे होतात. पाळी पुढे ढकलायची गोळी चालू आहे, म्हणजे आता दिवस राहायची भीती नाही, असं समजून निर्धास्त राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ती गोळी त्या कामासाठी नसतेच!

या चौघींमधली सगळ्यात जुनी, सगळ्यात जास्त अभ्यासलेली आणि तरीही सगळ्यात कमी समजून घेतलेली गोळी म्हणजे पहिली. इमर्जन्सी गोळी सगळ्यांना माहीत आहे. २००७मध्ये आय-पिल बाजारात आली आणि टीव्हीवरच्या जाहिरातींनी ती घराघरात पोचवली. रोजच्या गोळीचं मात्र ‘ते माला-डी वगैरे ना? ते सरकारी...’ असं नाक मुरडून होतं. मैत्रिणींनो, त्या ‘सरकारी’ माला-डीमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम असतं. मेडिकलमधल्या कितीतरी चकचकीत पाकिटांत हेच दोन घटक याच प्रमाणात असतात. पाकिटाचा रंग तेवढा वेगळा!

अजून एक हिशोब सांगते. इमर्जन्सी गोळीत तेच लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोजच्या गोळीच्या दहापट, एका घोटात. ‘रोज हार्मोन्स घ्यायला भीती वाटते’ म्हणून महिन्यातून तीनदा इमर्जन्सी गोळी घेणारी मुलगी समोर बसली, की मी तिला हा आकडा कागदावर लिहून दाखवते. त्या तीन गोळ्यांनी तिला इजा होते असं नाही. पण पाळीचं वेळापत्रक पार विस्कटतं आणि संरक्षणही अर्धवटच मिळतं. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. ते बाहेर पडण्याची वेळ अगदी जवळ आली असेल किंवा उलटून गेली असेल, तर तिचा उपयोग होत नाही. आणि ती घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर त्यासाठी तिचं संरक्षण नाही.

हेड ऑफिसला गप्प कसं करायचं?

रोजची गोळी कशी काम करते, हे एकदा समजलं की ती घेण्याचे सगळे नियम आपोआप समजतात. ऑफिसच्याच भाषेत सांगते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटीशी ग्रंथी असते. ती आपलं हेड ऑफिस. दर महिन्याला तिथून बीजकोशांना एफएसएच आणि एलएच या हार्मोन्समधून निरोप जातात... ‘एक स्त्रीबीज तयार करा, आणि आता बाहेर सोडा.’ बीजकोश काम करतात आणि स्वतःची हार्मोन्स रक्तात सोडून ‘काम चालू आहे’ असं उत्तर पाठवतात.

गोळीत दोन हार्मोन्स असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं एक प्रोजेस्टिन. म्हणूनच तिला ‘कम्बाइन्ड’ म्हणजे एकत्रित गोळी म्हणतात. ही दोन्ही रोज रक्तात दिसली की हेड ऑफिसला वाटतं, काम झालेलं आहे. ते निरोप पाठवत नाही. निरोप नाही, तर स्त्रीबीज बाहेर पडत नाही. गोळीचं मुख्य काम हेच. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव इतका घट्ट होतो की शुक्राणूंना आत शिरणं अवघड जातं, आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. एका दारावर तीन कुलुपं!

आता यातली मेख. हेड ऑफिसला पूर्ण गप्प करायला सलग सात दिवस गोळ्या लागतात. आणि सलग सात दिवस गोळी मिळाली नाही, की तिथे पुन्हा हालचाल सुरू होते. सातपर्यंत चालतं. त्यापुढे प्रत्येक दिवस धोक्याचा. बस्स, एवढा ‘सात’ लक्षात ठेवा. बाकीचे नियम त्यातूनच येतात.

म्हणून तर बहुतेक पाकिटांत २१ गोळ्या हार्मोन्सच्या आणि ७ वेगळ्या रंगाच्या असतात. माला-डीमध्ये त्या सात लोहाच्या असतात. त्या सात दिवसांत रक्तस्राव होतो. ती खरी पाळी नव्हे. हार्मोन्स थांबल्यामुळे अस्तर गळून पडतं, इतकंच. ही सुट्टी शरीराला हवी असते असंही नाही. अमेरिकेत १९६०मध्ये पहिली गोळी गर्भनिरोधनासाठी मंजूर झाली, तेव्हा ती बनवणाऱ्यांनी नैसर्गिक चक्रासारखं वाटावं म्हणून महिन्याचा रक्तस्राव ठेवला आणि तो पुढे चालत राहिला. ज्यांची रोजची गोळी चालूच आहे, त्यांना गणपतीसाठी वेगळी गोळी घ्यायची गरज बहुधा पडत नाही. २१ संपल्या की त्या सात सोडून सरळ नवीन पाकीट सुरू केलं, की रक्तस्राव पुढे जातो. मधे थोडे डाग दिसू शकतात, इतकंच. काही पाकिटं मात्र २४ अधिक ४ अशी असतात, काहींमध्ये फक्त २१ गोळ्या असतात. आपलं कुठलं आहे ते आधी बघून घ्या.

सुरुवात कधी, कशी?

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर संरक्षण लगेच मिळतं. इतर कुठल्याही दिवशी सुरू करता येते, फक्त आपण गरोदर नाही याची खात्री हवी आणि पहिले सात दिवस कंडोम वापरायचा. सात का, ते आता तुम्हीच सांगाल!

वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच ठेवा. मी शक्यतो रात्री जेवणानंतर घ्यायला सांगते, म्हणजे सुरुवातीची मळमळ झोपेत निघून जाते. नाइट शिफ्टवाल्यांनी ‘झोपण्यापूर्वी’ असं ठरवू नये, कारण त्यांची झोप आठवड्याला बदलते. घड्याळातला आकडा ठरवा आणि फोनवर अलार्म लावा. ऑनसाइट जाणार असाल तर दोन गोळ्यांत २४ तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. तिथल्या वेळेशी जुळवायचं असेल तर गोळी थोडी आधी घ्या, उशिरा नको.

शंभर जणींनी वर्षभर ही गोळी अगदी नियमाप्रमाणे घेतली तर एकीलाही दिवस जाण्याची शक्यता फारशी नसते. पण प्रत्यक्ष आयुष्यात शंभरातल्या साधारण सात जणींना दिवस जातात. हा फरक गोळीतला नाही. तो विसरण्यातला आहे.

विसरलात? मोजा!

विसरण्याचं कारण दरवेळी विसरभोळेपणा नसतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली गोळी विसरत नाहीत, लपवतात. फ्लॅटमेटला दिसू नये म्हणून पाकीट कपाटाच्या तळाशी ठेवलेलं असतं. दिवाळीला नाशिकला घरी जाताना आईच्या हाती लागेल म्हणून ते पुण्यातच राहतं. आणि लपवलेली गोळी चुकलेल्या गोळीइतकीच निकामी. म्हणून नियम नीट समजून घेऊ.

एक गोळी चुकली, म्हणजे शेवटची घेऊन ४८ तास झालेले नाहीत. तर आठवेल तेव्हा ती घ्या, पुढची नेहमीच्या वेळी घ्या. त्यासाठी एकाच दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी हरकत नाही. दुसरं काहीच करायची गरज नाही.

दोन किंवा जास्त चुकल्या, तर शेवटची चुकलेली एकच गोळी घ्यायची. आधीच्या चुकलेल्या टाकून द्यायच्या. पुढे रोजच्याप्रमाणे चालू ठेवायचं आणि सात दिवस कंडोम वापरायचा. राहिलेल्या चारही एकदम गिळून ‘भरपाई’ करू नका. उलट्यांशिवाय हाती काही लागत नाही!

पण कुठल्या आठवड्यात चुकल्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीचंच उदाहरण घेऊ. १४ गोळ्या नीट झाल्या, १५ ते १८ नाशिकच्या मुक्कामात गेल्या. एकोणिसाव्या दिवशी पुण्यात परत आलात. अठरावी आणि एकोणिसावी घ्या, मग विसावी, एकविसावी. त्यानंतर वेगळ्या रंगाच्या सात गोळ्यांना हातही लावू नका. सरळ नवीन पाकीट! कारण चार दिवसांच्या खंडानंतर लगेच सात दिवसांची सुट्टी दिली, तर हेड ऑफिस जागं होणारच.

आता दुसरी शक्यता बघा. सात दिवसांची सुट्टी संपली आणि नव्या पाकिटाच्या पहिल्याच चार गोळ्या राहिल्या. सात अधिक चार, म्हणजे सलग अकरा दिवस हार्मोन नाही. गोळी चुकवण्याची ही सगळ्यात वाईट जागा. या दिवसांत किंवा त्या सुट्टीच्या आठवड्यात कंडोमशिवाय संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत इमर्जन्सी गोळी घ्या, जितकी लवकर तितकी चांगली. तिचं खरं काम हे! रोजची गोळी लगेच पुन्हा सुरू करा, सात दिवस कंडोम वापरा आणि पुढचा रक्तस्राव आठवडाभर लांबला तर घरी टेस्ट करा. गंमत म्हणजे बहुतेक मुली मधली एक गोळी राहिली की मला घाबरून फोन करतात, पण नवीन पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू झालं तर ते त्यांच्या हिशोबातच नसतं. वेगळ्या रंगाची गोळी राहिली तर मात्र काहीच बिघडत नाही. टाकून द्या.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. जोराचे जुलाब-उलट्या दिवसभराहून जास्त चालल्या तर ते दिवस चुकलेल्या गोळ्यांसारखेच धरा. साध्या अँटिबायोटिक्सनी गोळीचा परिणाम कमी होत नाही. पण टीबीचं रिफाम्पिसिन, फिटच्या फेनिटॉइन, कार्बामॅझेपिनसारख्या गोळ्या, काही एचआयव्हीची औषधं, यांनी होतो. आणि तुम्ही कुठल्याही कारणानं दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ‘मी गर्भनिरोधक गोळी घेते’ हे तिथे स्पष्ट सांगा.

वजन, मूल आणि कॅन्सर

या तीन शंकांशिवाय माझी एकही ओपीडी संपत नाही. वजनाबद्दल... एकत्रित गोळीमुळे वजन बरंच वाढतं, असं अभ्यासांत दिसून आलेलं नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, छाती जड वाटणं, मधेच डाग पडणं हे होऊ शकतं आणि बहुतेकींचं आपोआप थांबतं. काहींना मूड बिघडल्यासारखं वाटतं. तसं वाटलं तर सहन करत बसू नका, गोळी बदलता येते.

‘पुढे मूल होणार नाही’ ही भीती तर घरातल्या मोठ्यांकडूनच येते. गोळीनं वंध्यत्व येत नाही. बंद केल्यावर बीजकोश लवकरच कामाला लागतात, म्हणूनच तर चार दिवस चुकले की आपल्याला एवढी धावपळ करावी लागते! पीसीओएससाठी गोळी घेणाऱ्यांनी मात्र एक लक्षात घ्यावं. गोळीनं पाळी नियमित दिसते, पण मूळ त्रास मुळासकट जात नाही. गोळी बंद केल्यावर पाळी पुन्हा अनियमित झाली तर त्याचा दोष गोळीला देऊ नका.

कॅन्सरबद्दल दोन्ही बाजू सांगते. बीजकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याची शक्यता गोळीमुळे कमी होते, आणि हा फायदा गोळी थांबवल्यावरही अनेक वर्षं टिकतो. गोळी चालू असताना स्तनाच्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते, आणि पाच वर्षांहून जास्त घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही. म्हणून तपासण्या चुकवू नका.

कुणी घेऊ नये?

खरा गंभीर धोका आहे तो पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३मध्ये दिलेले आकडे असे... गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना, ड्रोस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत ९ ते १२ जणींना. धोका वाढतो, पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो यापेक्षा जास्त असतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५मध्ये अशाच इशाऱ्यानंतर कितीतरी जणींनी घाबरून पाकीट अर्ध्यावर टाकलं. पुढच्या वर्षी तिथे गर्भपातांचा आकडा वाढला. भीती वाटली तर आधी डॉक्टरांना विचारा.

काही जणींनी मात्र ही गोळी नकोच. आधी गुठळी, हार्टअटॅक किंवा स्ट्रोक झालेला असेल, बीपी वाढलेलं असेल, स्तनाचा कॅन्सर किंवा लिव्हरचा गंभीर आजार असेल, वय पस्तीस किंवा जास्त आणि सिगारेट चालू असेल, बाळ सहा महिन्यांहून लहान आणि अंगावर पीत असेल तर नाही. आणि एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारतेच... डोकं दुखायला लागण्यापूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी रेघा, चमक किंवा काळे ठिपके येतात का? असं मायग्रेन असेल तर स्ट्रोकचा धोका वाढतो, इस्ट्रोजेन असलेली गोळी चालणार नाही. म्हणून मैत्रिणीला सूट झालेलं पाकीट नाव विचारून आणू नका. एकदा डॉक्टरकडे जा, बीपी मोजून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे!

यांच्यासाठी बाकीचे रस्ते आहेतच. कॉपर-टी आहे, फक्त प्रोजेस्टिनची गोळी आहे. लखनौच्या सीडीआरआय संस्थेत तयार झालेली ‘सहेली’ आहे, जी सरकारी केंद्रांत ‘छाया’ नावानं मिळते. तिच्यात हार्मोन नसतं, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची. आणि गुप्तरोगांपासून वाचवणारा फक्त कंडोमच, ते काम कुठलीच गोळी करत नाही.

आणि एवढं करूनही दिवस गेलेच तर? चौथी ‘ती’ गोळी केमिस्टकडून परस्पर आणू नका. गर्भ नळीत असेल तर तिनं तो पडत नाही, आणि पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. २०२१मध्ये कायद्यात झालेल्या बदलानंतर गर्भनिरोधक फसल्यामुळे राहिलेला गर्भ वीस आठवड्यांपर्यंत अविवाहित स्त्रीलाही कायदेशीरपणे काढून घेता येतो. अठरा वर्षं पूर्ण असतील तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची नाही लागत, आईवडिलांची नाही लागत.

मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं, तेव्हा अशी गोळी अस्तित्वातच नव्हती, आणि तरीही ते या विषयावर मोठ्यानं बोलत होते. आपल्याकडे गोळी आहे. मेडिकलमध्ये गेल्यावर तिचं नाव तरी मोठ्यानं घेऊ या!

फोनमध्ये सेव्ह करा

• पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात केली तर लगेच संरक्षण. नंतर केली तर सात दिवस कंडोम.
• एक चुकली: आठवताच घ्या, पुढे चालू ठेवा.
• दोन किंवा जास्त चुकल्या: शेवटची चुकलेली एकच घ्या, सात दिवस कंडोम.
• पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि कंडोमशिवाय संबंध आला: ७२ तासांच्या आत इमर्जन्सी गोळी.
• तिसऱ्या आठवड्यात चुकल्या: सात दिवसांची सुट्टी रद्द, सरळ नवीन पाकीट.
• नवीन पाकीट आधीच आणून ठेवा. सुट्टी सातव्या दिवशी संपते, आठव्या नाही.
• एका पायात तीव्र दुखणं किंवा सूज, छातीत दुखणं, दम लागणं, पोटात असह्य वेदना, अचानक भयंकर डोकेदुखी, दिसायला किंवा बोलायला त्रास: गोळी थांबवा, लगेच हॉस्पिटल गाठा आणि गोळी घेत होतात हे तिथे सांगा.